बारावीपर्यंत

१२ जानेवारी

माझ्या ढबूस,

आशीर्वाद मोजत बसत नाही, लागतील तेवढे घे.

तुझं पत्र शनिवारी आलं. पोस्टमन खालच्या पेटीत टाकून जातो, आणि मी जिना दिवसातून एकदाच उतरायचा असं गुडघ्यांशी ठरलेलं आहे. त्यामुळे ते सकाळपासून पेटीत पडून होतं आणि मी वर बसून कुणाच्या तरी पँटची चेन बदलत होते. आजी होणारी बाई चेन बदलत बसली होती आणि तिला पत्ता नाही! वाचून वर आले आणि चेन उलटीच लावली गेली. आता ती उसवायची आहे. उसवू दे, मला कुठे जायचंय.

तू लिहिलंस, बारा आठवडे होईपर्यंत कुणाला सांगू नकोस. नाही सांगितलं. फक्त ह्यांना सांगितलं. आता तुझ्या बाबांना सांगायचं म्हणजे काय ते तुला ठाऊक आहे. आधी हळूच म्हटलं, "ढबूला दिवस गेलेत." हे म्हणाले, "कुठे गेली?" मग जरा मोठ्याने म्हटलं, "दिवस गेलेत!" तर म्हणतात, "गेलेच की. आता राहिलेत किती?" आणि भिंग डोळ्याला लावून पुन्हा घड्याळात शिरले. मग मात्र मी ओरडले. ह्यांना कळलं. खालच्या मजल्यावरच्या मास्तरीणबाईंनाही कळलं. दुधवाल्यालाही कळलं. पण मी तोंडाने फक्त ह्यांनाच सांगितलं, हे लक्षात ठेव.

हे हातातल्या घड्याळाच्या पाठीवर बोट ठेवून बसले. ऐकू येईना झाल्यापासून घड्याळ चालतं की नाही हे बोटानेच बघतात.

गेल्या वर्षी तू फोनवर सांगितलंस, तेव्हा मी नुसतं "बरं, बरं" म्हणत राहिले. बोलायचं ते फोन ठेवल्यावर सुचलं. म्हणून मीच म्हटलं होतं, यापुढे पत्र. लिहिताना निदान सुचेपर्यंत थांबता येतं. तेव्हा नववा आठवडा होता हे मी विसरलेले नाही. पण दर वेळी तसंच थोडंच होतं? या वेळी सगळं नीट होणार. मला आतून वाटतंय.

मळमळ किती? सकाळी की दिवसभर? पुस्तकं चिकटवायच्या त्या सरसाच्या भांड्यापासून लांब बस म्हणावं तर तुझं कामच ते. मुकादमाला सांग ना.

तू पाठवलेले छपाईत वाया गेलेले कागद संपत आलेत. यावर रेघा तिरक्या आहेत, म्हणून अक्षर तिरकं आहे. नाहीतर माझं सरळ असतं.

तुझी आई (आजी लिहिणार होते, पण अजून थांबते)


१५ जानेवारी

आई,

थोडक्यात लिहिते. घरी आले की बूट काढायला वाकावंसंही वाटत नाही. काल बूट घालूनच झोपले. तुझे जावई लिफ्टच्या कामावरून आले आणि म्हणाले, "कुठे निघालीस?"

मळमळ दिवसभर. सरस तापायला लागला की मी शिवायचे फर्मे, छापून घड्या घातलेले कागद, मोजायचं निमित्त काढून आतल्या खोलीत जाते. मुकादमाला इतक्यात सांगायचं नाही. गेल्या वर्षी सांगितलं होतं, मग नंतर सगळ्यांना पुन्हा सांगावं लागलं. ते दुसऱ्यांदा सांगणं नको.

गेल्या वर्षी गेलं म्हणून डॉक्टरीणबाईंनी दर बुधवारी इंजेक्शनला बोलावलंय. बाहेर बाकावर आम्ही तिघी असतो. एक आठवीतली आहे, पार्लरमध्ये काम करते, पहिलंच. एक दहावीतली, बसमध्ये कंडक्टर आहे, तिचं हे तिसरं. मी सातवीत. त्यांच्याशी बोललं की बरं वाटतं. घरी "बरी आहेस ना?" असं विचारलं की "बरी" म्हणावंच लागतं. तिथे कुणी तसं विचारत नाही. कंडक्टरबाई सरळ विचारते, "आज किती वेळा?"

कागद वेगळे पाठवलेत. चौकटीचे आहेत, गणिताच्या वह्यांचे.

ढबू


१९ जानेवारी

ढबू,

मी हे पत्र बसून लिहू शकत नाही, उभ्यानेच लिहिते आहे. गुडघ्यांना सांगितलं, आज गप्प बसा.

आठवीतली? अगं, आठवीतली म्हणजे पोर केवढीशी! खात्री करावी म्हणून मास्तरीणबाईंना जाऊन विचारलं, आठवीतली मुलगी किती वर्षांची असते हो? म्हणाल्या, तेरा-चौदा. पार्लरमध्ये कामाला आणि पोटुशी! तिची आई कुठे आहे? शाळेतल्या बाई काय करत होत्या? आणि ती दुसरी. दहावीतली. बसमध्ये कंडक्टर आणि तिसरं! मग ती बस चालवतो कोण, चौथीतला का?

तू लिहिलंस "मी सातवीत" आणि पुढे काही नाही. लिहिता लिहिता डोळा लागला असेल. "मी सातवीत असताना असलं काही नव्हतं" असं म्हणायचं असणार. खरंच नव्हतं. तू सातवीत असताना तुला फक्त वेण्या घालायचा कंटाळा होता.

तू आधी असं कर. त्या आठवीतल्या पोरीच्या घरी कोण आहे ते विचार. कुणीच नसेल तर तिला माझ्याकडे पाठव. खोली लहान आहे, पण मी शिलाईच्या मशीनपाशी झोपेन. हे म्हणाले, "कोण येणार?" मी म्हटलं, "आठवीतली." म्हणाले, "शिकवणीला?"

मला रात्रभर झोप नाही. लगेच लिही.

आई


२२ जानेवारी

आई, आई, आई,

तुझं पत्र बुधवारी सकाळीच मिळालं. मी ते दवाखान्यात घेऊन गेले आणि बाकावर वाचून दाखवलं. "चौथीतला का?" पर्यंत आल्यावर कंडक्टरबाई इतकी हसली की सिस्टर बाहेर आली. म्हणाली, ब्लडप्रेशर मोजायचंय तुमचं, हसू नका. ती अजून हसली.

अगं, आठवी म्हणजे आठवा आठवडा! कंडक्टरबाईनेच काढलंय हे. आठव्या आठवड्यात ती आठवीत, दहाव्यात ती दहावीत. दर बुधवारी आम्ही एक इयत्ता वर चढतो. बारावी पार केली की सुटलो, मग कामावर सांगायचं, लोकांना सांगायचं. आता मी आठवीत आहे, पार्लरवाली नववीत आणि कंडक्टरबाई अकरावीत. पार्लरवाली सव्वीस वर्षांची आहे. पण तू तिला घरी बोलावलंस हे ऐकून ती हसता हसता गप्प झाली. तिला आई नाही, आई.

तिने तुला एक विचारायला सांगितलंय. सिस्टरसमोर नाही, मला कोपऱ्यात घेऊन म्हणाली, आजींना विचार. सोमवारपासून तिला मधूनमधून डाग दिसतोय, फिकट, अगदी थोडा. दवाखान्यात सांगितलं तर झोपवून ठेवतील आणि पार्लरच्या मालकीणबाई दुसरी मुलगी ठेवतील, याची तिला भीती. तुला असं काही झालं होतं का?

मला आजच्याला तीनदा. कंडक्टरबाईला एकदाही नाही. ती म्हणते, तिसऱ्या वेळी पोटालाच कंटाळा येतो.

ढबू (आठवी अ)


२५ जानेवारी

आठवी अ मधल्या माझ्या हुशार मुलीला, आणि बाकावरच्या बाकीच्या विद्यार्थिनींना,

मी मूर्ख ठरले, पण तीन दोन-जिवांच्या बाया हसल्या म्हणजे सहा जीव हसले. मास्तरीणबाईंना मात्र मी हे सांगितलेलं नाही. त्यांनी काल रागारागाने शाळांच्या बेपर्वाईबद्दल वर्तमानपत्राला पत्र लिहिलंय. पाठवून टाकलं की नाही विचारायचं धाडस होत नाही.

आता माझी इयत्ता ऐका. मी चौथी. त्यातही दोनदा. पण बाळंतपणात मला कुणी नापास केलं नाही. दोन झाली, दोन्ही धडधाकट. ढबू तर एवढी गुबगुबीत की सुईणीने उचलताना "अरे बापरे" म्हटलं आणि तेच नाव पडायचं राहिलं.

मळमळीला लिंबू हुंगा. उठल्या उठल्या पाणी नको, कोरडं बिस्कीट आधी, आणि ते उशाशीच ठेवा, नवऱ्याने खाल्लं तर दुसरं ठेवा. कंडक्टरबाई, तुम्ही उभ्या राहता त्या बसला धरायला दांडा असतो ना, दोन्ही हातांनी धरा. तिकिटं कोण फाडणार ते प्रवासी बघतील.

आणि पार्लरवाल्या पोरीला सांग, डागाला घाबरायचं काही कारण नाही. मलाही झालं होतं. ढबूच्याच वेळी. आठ-दहा दिवस येत होतं, मग आपोआप थांबलं, आणि बघ केवढी ढबू झाली! काही होत नाही. दुपारी जमेल तेव्हा पाय उंच करून पड, मनात वाईट आणू नकोस. तुझी खोली इथे तयार आहे. आठवीतली नसलीस तरी.

आज माझे गुडघे दुखत नाहीत. तीन जिने चढले असते.

सगळ्यांची आजी


६ फेब्रुवारी

ढबू,

बारा दिवस झाले. पत्र नाही.

पेटी आता दिवसातून दोनदा उघडते. गुडघ्यांशी ठरलेलं मोडलं. काल वीजबिल आलं आणि एक कुणाच्या तरी लग्नाचं बोलावणं, ते आपलं नव्हतंच, शेजारच्यांचं होतं.

मी बोटांवर मोजलं. अठ्ठावीस तारखेला तू नववीत गेलीस. त्या पूर्ण आठवड्यात मी कुणाचेच कपडे घेतले नाहीत. सुई हातात धरली की दोरा ओवता येईना. आता दहावी सुरू आहे ना? सुरू आहे ना ग?

फोन उचलला होता. पण तू कामावर असशील, मग घरी आल्यावर बूट काढत असशील, मग झोपली असशील, असं करत करत ठेवला. खरं तर मला "बरं, बरं" म्हणायची भीती वाटते.

हे विचारत नाहीत काही. आज जेवताना मात्र म्हणाले, "पत्र?" मी मान हलवली. त्यांनी ताट पुढे सरकवलं.

एक ओळ टाक. लक्षणं नको लिहूस. नुसती इयत्ता लिही.

आई


१० फेब्रुवारी

आई,

दहावी.

पार्लरवालीचं गेलं. एकतीस तारखेला, शनिवारी. कुणाचे तरी केस धूत होती. ओले हात तसेच, रिक्षा करून एकटी दवाखान्यात गेली.

अठ्ठावीसच्या बुधवारी मी तुझं पत्र बाकावर वाचलं होतं. "मलाही झालं होतं" हे तिने मला दोनदा वाचायला लावलं. मग म्हणाली, बघ, आजींना झालं होतं आणि तू इथे बसलीयेस. तिने तो भाग फाडून मागितला. मी दिला. सिस्टरने नेहमीसारखं विचारलं, काही त्रास? ती म्हणाली, काही नाही. मी शेजारी बसले होते. मीही काही बोलले नाही.

डॉक्टरीणबाईंना मी विचारलं. त्या म्हणाल्या, बुधवारी कळलं असतं तरी बहुधा हेच झालं असतं, इतक्या लवकर फारसं काही हातात नसतं. "बहुधा" म्हणाल्या. मी तो शब्द घेऊन दहा दिवस बसलेय. फर्मे शिवताना सुई बोटात गेली तरी कळत नाही.

गेल्या बुधवारी आम्ही दोघीच होतो. कंडक्टरबाई तेरावीत गेली. तेरावी म्हणजे शाळा संपली, पण ती म्हणाली नाही तसं. मधली जागा आम्ही दोघींनीही सोडून ठेवली होती, न ठरवता.

आई, मला एकच सांग. खरंच तुला माझ्या वेळी डाग दिसला होता? आठवतं तसं नको, गोड करून नको. खरं. मला ते आत्ता कळायला हवं.


१३ फेब्रुवारी

ढबू,

नव्हता.

हे पहिल्या ओळीत लिहायचं असं ठरवून बसले होते, तरी हा चौथा कागद आहे. आधीच्या तिन्हींवर मी हवापाणी लिहिलं.

तुझ्या वेळी मला डाग नव्हता. तुझ्या भावाच्या वेळीही नव्हता. मला झालं म्हणून लिहिलं ते शेजारणीचं ऐकलेलं, की आणखी कुणाचं, तेही धड आठवत नाही. त्या पोरीला आई नाही असं तू लिहिलंस, आणि ती घाबरलीये असं लिहिलंस, आणि मला वाटलं, आता तिची आई असती तर काय म्हणाली असती, "काही होत नाही" असंच म्हणाली असती. म्हणून मी म्हटलं. नुसतं म्हणून पुरेना, म्हणून माझंच उदाहरण दिलं. मला ते लिहिताना इतकं बरं वाटत होतं की खोटं लिहितेय हे लक्षातच आलं नाही.

तुला एक सांगायचं राहिलंय. मी चौथीत दोनदा का बसले ते. मास्तर फळ्यावर काही लिहायचे आणि मागे वळून विचारायचे, "कळलं?" मला काही कळलेलं नसायचं. पण ते दमलेले असायचे, घामाघूम, आणि एकाने तरी "हो" म्हणावं असं त्यांना वाटतंय हे मला दिसायचं. मी हात वर करून "हो" म्हणायचे. ते खूश व्हायचे. वर्षाच्या शेवटी पेपर कोरा. बरोबरच्या सगळ्या पाचवीत गेल्या आणि मी त्याच बाकावर, लहान पोरांत. दुसऱ्या वर्षीही मी "हो"च म्हणत होते. मग घरच्यांनी काढलं शाळेतून.

ती खोड गेली नाही. समोरच्याचा चेहरा पडू नये म्हणून हो. तू गेल्या वर्षी फोनवर रडत होतीस तेव्हा "बरं, बरं" म्हणाले तेही तेच. या वेळी "मला आतून वाटतंय" लिहिलं तेही तेच. मला आतून काही वाटत नव्हतं, ढबू. आतून फक्त भीती होती.

खरं आठवतं ते एवढंच. मी फार दमायचे. कपडे वाळत घालताना दोरीला धरून उभी राहायचे आणि डोळे मिटायचे. कुणी बघितलं की चिमटा शोधतेय असं दाखवायचे. एवढंच. बाकी सगळं मी नंतर सांगता सांगता बनवलेलं आहे.

आता दुसरं. तू विचारलंस, "आत्ता कळायला हवं." आत्ता का? तू नाव घातलं नाहीस पत्राला खाली. तू कधी विसरत नाहीस. ढबू, तुला काही दिसलंय का? असेल तर मला उत्तर लिहू नकोस. कागद तसाच ठेव, मुकादमाला काय वाटेल ते वाटू दे, आधी दवाखान्यात जा. मला काही कळत नाही. मला कधीच कळत नव्हतं. त्यांना विचार, त्यांना कळतं.

पार्लरवालीला माझं तोंड दाखवायची लाज वाटते. तिच्याकडे तो फाडलेला तुकडा असेल तर फेकून दे म्हणावं. की नको म्हणूस. तिला वाटेल ते करू दे.

आई


१९ फेब्रुवारी

आई,

बारावी.

काल लिहिणार होते, पण आले आणि झोपले. या वेळी बूट काढून.

होय, दिसलं होतं. नऊ तारखेला, फिकट. दुसऱ्या दिवशी सकाळी मुकादमाला "पोटात दुखतंय" सांगून दवाखान्यात गेले, तुला पत्र टाकलं ते तिथून निघाल्यावर. म्हणजे मला तोवर कळलं होतं की सगळं ठीक आहे. तरी तुला विचारलं. तुझ्या उत्तराने माझ्या पोटातलं काही बदलणार नव्हतं. पण यापुढे तुझी पत्रं मी वाचायची कशी, ते ठरायचं होतं.

त्यांनी पडद्यावर दाखवलं. आवाज नाही ऐकवला, नुसतं लुकलुकताना दिसलं, भरभर. बाबांना सांग. ते विचारतील मिनिटाला किती. एकशे साठच्या वर, म्हणाल्या.

डाग चार दिवसांत थांबला. हे खरं आहे, मी गोड करून लिहीत नाही. अजून दमायला होतं. दोरीला धरून उभं राहायचं ते मीही करते, फर्म्यांच्या गठ्ठ्याला धरून. मला वाटायचं मी एकटीच.

काल पार्लरवाली आली होती, तिच्या तपासणीला. आम्ही दोघी कडेला सरकलो, ती मध्ये बसली. मग कंडक्टरबाईनेच तोंड उघडलं, "काय ग, डोकं धुतलंस की नाही आज माझ्यासारख्या भवानीचं कुणाचं?" आणि ती हसली, आणि मग रडली, आणि कंडक्टरबाई तिच्या पाठीवर थापट्या मारत राहिली, बसच्या पत्र्यावर मारतात तशा, "चला, चला, पुढे सरका."

तुझं तेराचं पत्र मी तिला दिलं. तुला न विचारता. तिने तिथेच वाचलं, दोनदा. मग माझ्याकडून कागद मागून हे लिहिलं. मी वाचलेलं नाही, घडी घालून ठेवते.

ढबू


(चौकटीच्या कागदावर, चार घड्या घालून)

आजी,

डाग दिसल्यापासून मी झोपले नव्हते. बुधवारी तुमचं पत्र ऐकलं आणि तीन रात्री गाढ झोपले. शुक्रवारी आरशात बघून स्वतःच्या केसांना रंगसुद्धा लावला.

ते खोटं होतं हे आता कळलं. राग आला. अजून आहे थोडा. पण ते तीन दिवस माझे चांगले गेले. त्याच्याबरोबरचे माझे तेवढेच चांगले दिवस आहेत. तुकडा मी फेकलेला नाही.

खोली अजून तयार आहे का?


२३ फेब्रुवारी

ढबूस, आणि बाकावरच्या दोघींस,

आधी घरचा गोंधळ सांगते.

बारावी झाली हे ह्यांना सांगायचं होतं. या वेळी ओरडायचं नाही असं ठरवलं. तुझ्या चौकटीच्या कागदावर मोठ्या अक्षरात लिहिलं, "ढबू बारावी पास" आणि खाली, "मिनिटाला एकशे साठ." ह्यांनी भिंग लावून वाचलं. बराच वेळ बोट कागदावरच होतं, त्या आकड्यावर. मग चष्मा पुसला, कागद खिशात घातला आणि खाली गेले. मला वाटलं, पाय मोकळे करायला.

तासाभराने मास्तरीणबाई वर आल्या, हातात फुलं. म्हणाल्या, "अभिनंदन! उशिरा का होईना, मुलीने बारावी पूर्ण केली. संसार सांभाळून शिकणं सोपं नसतं." ह्यांनी सगळ्या इमारतीला कागद दाखवला होता. दुधवाल्याने विचारलं, एकशे साठ मार्क कितीपैकी?

मी काही बोलले नाही. म्हणजे, "हो" म्हणाले. हे शेवटचं.

आणि मग मशीनपाशी बसले आणि खूप दमल्यासारखं झालं. सहा आठवड्यांचं दमणं एकदम आलं. चेन लावायची होती ती तशीच मांडीवर. दुपार कधी संपली कळलं नाही.

ढबू, मुकादमाला आता सांग. सरसाचं भांडं दुसऱ्याला दे. यापुढे काही झालं, काही दुखलं, काही दिसलं, तर आधी दवाखाना, मग मी. मला लिहिशील ना? मी काय करावं ते सांगणार नाही. दोरीला धरून उभी राहायचे ते सांगेन, तेवढं खरं आहे.

कंडक्टरबाई, पाठीवर थापट्या मारणं मला जमलं नसतं. तुम्ही मारल्यात, बरं केलंत.

आता तुला, पोरी. तुझा कागद मी तीनदा वाचला, उत्तर तयार न करता. मला ते फार अवघड जातं. राग ठेव, थोडा का होईना, तो तुझ्या हक्काचा आहे.

खोली तयार आहे. मशीन भिंतीला सरकवलंय. येशील तेव्हा ये, सांगून ये किंवा न सांगता. इथे कुणी तुला कितवीत आहेस विचारणार नाही. हे विचारतील, पण ते दुसरंच काहीतरी ऐकतील.

आणि कधी तू पुन्हा पहिलीत बसलीस, तर मला कळव. मी एकाच बाकावर दोन वर्षं बसलेली बाई आहे, मला ती जागा माहीत आहे. काही विचारू मात्र नकोस. नुसतं काय काय होतंय ते लिहीत जा, मळमळ, झोप, भीती, सगळं. मी खाली एकच शब्द लिहून परत पाठवीन.

"मग?"

तुमची,
चौथी नापास